बस भरली, पण उतरायचं कुठे?

ग्रुपची ट्रिप काढणारी माणसं दोन प्रकारची. एक, ज्यांना त्याचे पैसे मिळतात. दोन, ज्यांना 'नाही' म्हणता येत नाही. अस्मादिक दुसऱ्या प्रकारात मोडतात!

गेल्या वर्षी कामानिमित्त लंडनला मुक्काम होता. तिथला आमचा मराठी कट्टा म्हणजे झणझणीत मिसळ. ऑनसाइट आलेली आयटीवाली जनता, मास्टर्स करणारी पोरं, हॉस्पिटलात नाइट ड्युटी करून पेंगणारे डॉक्टर आणि चाळीस वर्षांपूर्वी आलेले काका-मावशी. 'मे महिन्यात एक ओव्हरनाइट ट्रिप होऊन जाऊ दे' असा ठराव झाला. पॅरिस सगळ्यांचं झालेलं, स्कॉटलंड लांब. तेवढ्यात मूळचे साताऱ्याकडचे एक काका म्हणाले, "आमच्या गावच्या चावडीपाशी एक जुनी दगडी पाटी आहे. चौदा सालच्या लढाईला गावातून किती गेले आणि किती मेले, एवढाच आकडा. नावं नाहीत. ती माणसं जिकडे लढली, तो मुलूख बघायचाय एकदा."

दोन सेकंद शांतता. मग मागून आवाज आला, "म्हणजे काका, पिकनिकला डायरेक्ट कब्रस्तान?"

हसू नका. ब्रिटनमध्ये बॅटलफिल्ड टूर हा चांगला जम बसलेला प्रकार आहे. शाळेच्या पोरांच्या, माजी सैनिकांच्या, अगदी पबमधल्या मित्रमंडळींच्या बसेस फ्रान्स-बेल्जियमकडे निघतात. ठरलेली ठिकाणं दोन. बेल्जियममधलं ईप्र (तिथले लोक म्हणतात ईपर) आणि फ्रान्समधलं सॉम. पहिल्या महायुद्धात चार वर्षं इथे खंदकांत बसून माणसं मेली.

आपला काय संबंध?

बराच आहे, बॉस. १९१४च्या सप्टेंबरात लाहोर आणि मीरत डिव्हिजनचे सैनिक मार्सेय बंदरात उतरायला लागले. युद्ध संपेपर्यंत या आघाडीवर सव्वा लाखाहून जास्त हिंदी माणसं येऊन गेली. ३१ ऑक्टोबर १९१४ला ईप्रजवळच्या होलेबेकमध्ये खुदादाद खान शेवटपर्यंत मशीनगन चालवत राहिले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले हिंदी सैनिक ठरले.

पण मी खुर्चीतून उडाले ते वेगळ्याच तपशिलावर. २८ ऑक्टोबर १९१४ला न्यूव शापेल या फ्रेंच गावावर हल्ला झाला. त्यात ४७वी शीख पलटण होती आणि तिच्यासोबत थर्ड सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या. सॅपर म्हणजे पूल बांधणारे, खंदक खणणारे लोक. त्या दिवशी ते पायदळासारखे लढले, गावात घुसले, घराघरात झुंजले आणि शेवटी मागे रेटले गेले. त्यांचे जवळपास सगळे इंग्रज अधिकारी मेले किंवा जखमी झाले. या कंपन्या आल्या कुठून? खडकीहून! आपल्या पुण्याच्या खडकीहून.

झालं. न्यूव शापेलशिवाय ट्रिप नाही, हे मी तिथेच ठरवून टाकलं.

राउंड एक: कात्री चालवा

पहिली लिस्ट आली ती अकरा ठिकाणांची. दोन दिवसांत! त्यात 'ब्रूज आणि चॉकलेट' अशी एक जबरदस्त लॉबी. त्यांचं म्हणणं साधं होतं: "एवढं लांब जातोय तर थोडी मजा पण पायजे ना?" चूक नव्हतं ते. पण ब्रूज घ्यायचं तर न्यूव शापेल कापायचं, असं गणित होतं.

हे गणित मी नाही, ड्रायव्हरच्या नियमांनी मांडलं. युरोपात बसचा ड्रायव्हर साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास ब्रेक घेतो म्हणजे घेतोच. दिवसाचं ड्रायव्हिंग नऊ तास आणि रात्रीची विश्रांती साधारण अकरा तास. 'भाऊ, जरा अर्धा तास ॲडजस्ट करा' हा आपला फंडा तिथे चालत नाही, गाडीतलं यंत्र सगळं टिपत असतं. त्याच्या रूमचं भाडंही आपल्याच खर्चात धरायचं. त्यामुळे आधी ड्रायव्हरचा दिवस कागदावर मांडा, मग आपला.

शेवटी चार थांबे उरले. शनिवारी ईप्रचं म्युझियम आणि संध्याकाळी मेनिन गेट. रविवारी सकाळी टाइन कॉट स्मशानभूमी आणि परतीच्या वाटेवर, ईप्रपासून पाऊण तासावर, न्यूव शापेल. ब्रूज लॉबीने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. चॉकलेटं ईप्रच्या चौकातही मिळतात, हे कळल्यावर सुटला.

राउंड दोन: कागद, पैसे आणि श्रीखंड

व्हिसा: यूकेचा व्हिसा म्हणजे युरोपचा व्हिसा नव्हे. आमच्यातल्या अर्ध्याअधिक लोकांकडे भारतीय पासपोर्ट, म्हणजे शेंगेन आलाच. ज्या देशात मुख्य मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. आमची रात्र ईप्रमध्ये, म्हणून बेल्जियम. शिवाय ३० हजार युरोचं मेडिकल कव्हर. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. अपॉइंटमेंट मिळेपर्यंत डोक्याला शॉट असतो, म्हणून आधी व्हिसा आणि मग बसचं डिपॉझिट.

पैसे: ४९ सीटची बस असेल तर माणशी खर्च ४९ने भागू नका, ३६ने भागा. गळती होतेच. आम्ही शेवटी ३८ उरलो. जास्तीचे पैसे परत करताना लोक जेवढे खूश होतात, तेवढे ट्रिपमध्येही होत नाहीत.

खाणं: ब्रिटनमधून युरोपात जाताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. मावशींचं श्रीखंड आणि पनीर पराठे डोव्हरच्या अलीकडेच संपवावे लागले. ठेपले-चटणी जिंदाबाद.

आणि हो, रस्त्याकडेच्या बहुतेक स्मशानभूम्यांमध्ये टॉयलेट नसतं. म्युझियममध्ये जाऊन घ्या. शेतात गंजलेलं लोखंड दिसलं तर हात लावू नका. शंभर वर्षांनंतरही नांगराला तिथे जिवंत तोफगोळे लागतात.

राउंड तीन: सीट नंबरसोबत एक नाव

खरी काळजी मला वेगळीच होती. ३८ माणसं, ३८ कॅमेरे आणि समोर हजारो थडगी. फोटो, जांभई, 'पुढे काय' असं होऊन काकांचा विरस झाला तर?

यावर माझ्या मैत्रिणीने एक साधा उपाय काढला. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही संस्था या सगळ्या स्मारकांची देखभाल करते. तिच्या वेबसाइटवर सैनिकांच्या नावांची नोंद फुकट शोधता येते. हिंदी सैनिकांच्या बऱ्याच नोंदींमध्ये वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो. आम्ही चार रात्री बसून न्यूव शापेलच्या यादीतली ३८ नावं काढली. जमतील तेवढी खडकीच्या सॅपर्सची, बाकीची गढवाली, शीख, गुरखा, पठाण. प्रत्येक चिठ्ठीवर नाव, वडिलांचं नाव, गाव, तारीख आणि भिंतीवरच्या पॅनेलचा नंबर. बसमध्ये चढताना सीटसोबत एकेक चिठ्ठी.

फेरी सुटेपर्यंत बसमध्ये अंताक्षरी रंगात होती. कॅले ओलांडल्यावर मागच्या सीटवरून प्रश्न यायला लागले. "माझावाला रत्नागिरीचा आहे. तुझा?" 'माझावाला' हा शब्द ऐकला आणि मी निम्मी निर्धास्त झाले.

आणि मग ते दोन दिवस

मेनिन गेटवर ५४ हजारांहून जास्त नावं आहेत. सगळी अशा माणसांची, ज्यांचा देह सापडला नाही किंवा ओळखता आला नाही. त्यात आपलीही आहेत. रोज रात्री आठला रस्ता थांबतो आणि ब्यूगल वाजतात. १९२८पासून हे चालू आहे, खंड पडला तो दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्याच्या काळात. ग्रुपला पुष्पचक्र वाहायचं असेल तर आयोजकांना बरंच आधी कळवायचं. आणि शेवटी टाळ्या वाजवायच्या नसतात, हे बसमध्येच सांगून ठेवा.

टाइन कॉटमध्ये जवळपास १२ हजार थडगी, त्यातली ८ हजारांहून जास्त बिननावाची. एवढे आकडे ऐकून मन सुन्न होत नाही, थकतं. म्हणूनच चारच थांबे पुरतात.

न्यूव शापेलचं स्मारक हमरस्त्याच्या कडेला आहे. गोल भिंत, मध्ये १५ मीटर उंच खांब, त्यावर कमळ, पायाशी दोन वाघ. आराखडा हर्बर्ट बेकरचा, म्हणजे दिल्लीचं सचिवालय बांधणाऱ्याचा. १९२७ला उद्घाटन झालं. भिंतीवर ४,७४२ नावं. खांबावर देवनागरी अक्षरं दिसली आणि आमच्यातली दोन पोरं एकदम गप्प झाली.

ब्रूज लॉबीचा म्होरक्या आपलं पॅनेल शोधत वीस मिनिटं फिरत होता. सापडल्यावर त्याने ते नाव मोठ्याने वाचलं, बापाच्या नावासकट. मग सगळ्यांनीच आपापलं वाचलं. कार्यक्रम ठरवलेला नव्हता, ठरवूनही इतका झाला नसता.

काकांनी मात्र आपल्या गावाचं नाव सगळीकडे शोधलं. नव्हतं. मला वाटलं, आता काय बोलायचं? तेच म्हणाले, "आमच्याकडचे बहुतेक मराठा पलटणीतले. ते बसऱ्याकडे, मेसोपोटेमियात गेले असणार. तिकडे काही तुझी बस जाणार नाही, पोरी." मग खिशातून आपली चिठ्ठी काढली, चष्मा पुसला आणि वाचली. कुठल्याशा गढवाली गावाचा पोरगा. "याच्या गावचं कोण आलं असेल इथे? आज आपण आलो," एवढंच बोलले आणि बसमध्ये जाऊन बसले.

परतीला अंताक्षरी झाली, पण कॅलेनंतर.

तुम्ही म्हणाल, हे सगळं लंडनवाल्यांसाठी ठीक आहे. तर ऐका. शेंगेन मिळाला नाही तरी लंडनवाल्यांना ब्रायटनजवळची 'छत्री' बघता येते. तिथल्या हॉस्पिटलांत दगावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना त्या टेकडीवर अग्नी दिला गेला. आणि पुणेकरांनो, तुम्हाला तर पासपोर्टही नको. खडकीच्या वॉर सिमेट्रीत त्याच कमिशनने राखलेल्या दगडांच्या तशाच रांगा आहेत आणि पहिल्या महायुद्धातल्या १८००हून जास्त नावांचं स्मारकही. तिथली बरीचशी पोरं इंग्लंडहून आलेली. त्यांच्या गावचं रोज कोण येणार?

येत्या रविवारी ब्रेकफास्टच्या आधी तासभर काढा. चार मित्र, चार नावं. जाण्याआधी चिठ्ठ्या तेवढ्या करा.