साठ हजारात सिंगापूर? बेरीज पूर्ण सांगा!

"साठ हजारात सिंगापूर" हे वाक्य खोटं आहे. हे मी खात्रीनं सांगू शकते, कारण ते मीही बोलले आहे. तेही स्वतःच्या आईला.

ती रील तुमच्याही फोनवर येऊन गेली असणार. मरीना बेचं पाणी, मागे तीन टॉवर आणि त्यांच्या डोक्यावर ठेवलेलं ते जहाज, पुढे हात पसरून उभा असलेला मुलगा. मग टाळीगणिक आकडे पडतात. विमान २४ हजार, हॉस्टेल १२ हजार, खाणं-फिरणं २४ हजार. झाले साठ! "पैसे नाहीत म्हणून रडू नका, प्लॅनिंग शिका." खाली दहा हजार लोकांनी ती सेव्ह केलेली. त्यातली एक मी.

मी प्लॅनिंग शिकले. माझा व्यवसायच तो आहे. दिवसभर सिस्टिम कुठे कोलमडेल याचा अंदाज बांधायचा आणि संध्याकाळी शीट उघडायची. आई कधी देशाबाहेर गेली नव्हती. साठ दुणे एकशेवीस, म्हणजे दोघींचे एक लाख वीस हजार. चार दिवस, तीन रात्री. बुधवारी रात्री मुंबईहून निघायचं, गुरुवारी सकाळी तिथे, रविवारी संध्याकाळी परत. रजा फक्त दोन दिवसांची. शीटमध्ये बारा रंग होते आणि मला तिचा अभिमान होता.

प्रत्यक्षात खर्च झाला एक लाख साठ हजार. वरचे चाळीस हजार मी उधळले नाहीत. त्यांचा हिशेब हा असा: पुणे ते मुंबई विमानतळ गाडी, जाऊन-येऊन ८,०००. चेक-इन बॅगा आणि शेजारशेजारच्या सीट ६,४००, कारण २४ हजारांच्या तिकिटात फक्त पाठीवरची सॅक होती. दोघींचा व्हिसा, एजंटच्या शुल्कासकट ६,०००. प्रवास विमा २,२००. तिथल्या टॅक्सी ७,०००. कार्डाचा मार्कअप २,५००. आणि जेवणाचा अंदाज चुकला ७,९०० रुपयांनी.

यातली एकही गोष्ट चैनीची नाही. एकही अनपेक्षित नाही. व्हिसा लागतो हे रीलवाल्यालाही माहीत असतं, त्याचाही पासपोर्ट भारतीयच आहे. तरी ते आकडे रीलमध्ये नसतात, कारण ते घातले की साठचे ऐंशी होतात, आणि 'ऐंशी हजारात सिंगापूर' कुणी सेव्ह करत नाही.

मार्कअपचं बघा. बऱ्याच भारतीय क्रेडिट कार्डांवर परकीय चलनातल्या खर्चाला साडेतीन टक्के मार्कअप लागतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ४.१३ टक्के. साठ हजारांच्या स्वाइपवर जवळपास अडीच हजार. मार्कअप नसलेली कार्डंही मिळतात, पण ती निघायच्या महिनाभर आधी काढावी लागतात, विमानतळावर नाही. दुसरा सापळा दुकानातल्या मशीनवर असतो. ते नम्रपणे विचारतं, रुपयांत पैसे देणार की सिंगापूर डॉलरमध्ये? आपला हात आपोआप रुपयांकडे जातो. रुपये निवडलेत की दर त्या मशीनवाल्याचा, आणि तो क्वचितच तुमच्या सोयीचा असतो. नेहमी स्थानिक चलन निवडा. एवढं एक वाक्य सांगायला रीलला तीन सेकंद लागतील.

किंवा मेनूकार्डावरची ती दोन अधिक चिन्हं. सिंगापूरच्या रेस्टॉरंटमध्ये किमतीपुढे '++' छापलेलं असतं. पहिलं अधिक म्हणजे १० टक्के सर्व्हिस चार्ज, दुसरं म्हणजे त्याच्यासकट होणाऱ्या रकमेवर ९ टक्के जीएसटी. दहा डॉलरचा पदार्थ ११ डॉलर ९९ सेंटला पडतो. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी खाऊगल्ल्यांमध्ये, ही भानगड नसते. तसंच तिथे पोचल्यावर दाखवायचं 'एसजी अरायव्हल कार्ड': अधिकृत साइटवर ते फुकट भरता येतं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. पैसे घेऊन तेच भरून देणाऱ्या साइट्सही आहेत आणि घाईतल्या माणसाला त्याच आधी सापडतात.

पण हे सगळं किरकोळ आहे. माझं खरं भांडण या किरकोळ आकड्यांशी नाही. ते 'स्वस्त म्हणजे हुशार' या समजुतीशी आहे.

आमचं विमान सकाळी सातला चांगीला उतरलं. शीटमध्ये त्या ओळीपुढे मी हिरव्या रंगात लिहिलं होतं: एक दिवस वाचला. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणजे आईच्या शरीरात पहाटेचे साडेचार वाजले होते. रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता. टॅक्सी महाग म्हणून चांगीहून मेट्रो, मध्ये गाडी बदलत, दोन बॅगा ओढत लिटल इंडिया. हॉटेलची खोली दुपारी तीनला मिळणार. काउंटरवरची मुलगी म्हणाली, आत्ता हवी असेल तर ७५ डॉलर जास्त.

मी गेले तेव्हा एक सिंगापूर डॉलर साधारण ६५ रुपयांना होता. ७५ गुणिले ६५, ४,८७५ रुपये. नको म्हणाले.

आई सोफ्यावर बसल्या बसल्या पेंगत होती. मी तिला उठवलं. चल, तोपर्यंत मर्लायन पाहून येऊ, तो फुकट आहे. बाराच्या उन्हात, विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवरच्या त्या दमट हवेत, फुकटचा सिंह बघताना तिला घेरी आली. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "तू जाऊन ये, मी बसते इथंच. छान वारा आहे." वारा अजिबात नव्हता.

दुसरा दिवस ती झोपून होती. गार्डन्स बाय द बेच्या काचघरांची त्या तारखेची तिकिटं फोनमध्ये तशीच राहिली.

आता यातलं गणित बघा, कारण शीटमध्ये ते मला दिसलं नव्हतं. चार दिवसांचे एक लाख साठ हजार, म्हणजे एका दिवसाचे चाळीस हजार. दिवसाला जागेपणाचे चौदा तास धरले तर तासाला २,८५० रुपये. मी ४,८७५ रुपये वाचवायला चाळीस हजारांचा दिवस घालवला. ऑफिसात असा निर्णय घेणाऱ्या माणसाला आम्ही रिव्ह्यूमध्ये सोलून काढतो.

छोट्या सहलीचा हिशेब मोठ्या सहलीपेक्षा वेगळा असतो, आणि तो कुणीच सांगत नाही. आमच्या एक लाख साठ हजारांपैकी सत्तर हजारांहून जास्त रक्कम विमान, बॅगा, व्हिसा, मुंबईची गाडी आणि विमा यांतच गेली. चार दिवस राहा नाहीतर दहा, हा खर्च जवळपास तेवढाच. घराबाहेर पाऊल टाकायचेच सत्तर हजार! एवढे मोजून झाल्यावर तिथे जो तुटपुंजा वेळ हातात येतो, तोच तुमचा खरा माल. महिनाभर फिरणाऱ्यानं रोजचे पाचशे वाचवले तर पंधरा हजार होतात, त्याला ते शोभतं. चार दिवसांच्या माणसाचे दोन हजार वाचतात आणि त्यासाठी तो रात्रीच्या विमानानं येतो, शहराबाहेर राहतो, अर्धा दिवस मेट्रोत घालवतो. महिनाभर फिरणाऱ्याची काटकसर आपण चार दिवसांच्या सहलीला शिवून टाकली आहे. ती बसत नाही.

आणि ही काटकसर भरतं कोण? सत्तावीस वर्षांचं शरीर रात्रभर जागून सकाळी हिंडू शकतं, म्हणून त्याला वाटतं की ती फुकट आहे. पण बरोबर आई असेल, गुडघेदुखीवाले बाबा असतील, लहान मूल असेल, तर तुम्ही मिळवलेल्या प्रत्येक डिस्काउंटची किंमत त्या गटातलं सगळ्यात दमलेलं शरीर मोजतं. तेही न बोलता. "छान वारा आहे" म्हणून.

माझी आई चार दिवस पासष्टनं गुणत होती. हॉकर सेंटरमधली दीड डॉलरची कॉफी तिनं दोनदा नाकारली. जवळपास शंभर रुपये होतात म्हणून. मी तिला हिशेब करू नकोस म्हणाले, पण माझी सगळी शीट दुसरं काय करत होती?

यावर लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे. कमी पैशात फिरणारे नसते तर आपल्यासारख्यांनी परदेश पाहिलाच नसता. बरोबर आहे. ज्याच्याकडे खरंच तेवढेच पैसे आहेत आणि जो हॉस्टेलच्या बारा जणांच्या खोलीत हसत झोपतो, त्याला माझा सलाम. त्यानंही फक्त पूर्ण बेरीज सांगावी. दुसरं म्हणणं असं की खरे आकडे सांगितले तर मध्यमवर्गातली पोरं घाबरतील, जाणारच नाहीत. मला वाटतं ती जातील. सहा महिने उशिरा जातील आणि पैसे साठवून जातील. खोट्या आकड्यावर निघणाऱ्यांचं काय होतं ते मी पाहिलंय. माझ्या एका मित्रानं साठचा अंदाज धरला, वरचे क्रेडिट कार्डावर गेले आणि ते त्यानं हप्त्यांत बदलून घेतले. सहल चार दिवसांची, हप्ते नऊ महिन्यांचे. त्यानं स्टोरी टाकली तेव्हा आकडा कोणता लिहिला असेल? साठच. कारण बाकीचे आपल्या ढिसाळपणामुळे गेले असं त्याला वाटत होतं. ही त्या रीलची खरी करामत आहे. आकडा तिचा चुकतो आणि लाज आपल्याला वाटते.

फुकटाशी माझं वैर नाही, हेही सांगून टाकते. शनिवारी संध्याकाळी आई पूर्ण झोप झालेली होती. सेरांगून रोडवरच्या कोमला विलासमध्ये डोसा खाल्ला, मग टॅक्सी केली, न भांडता. पावणेआठला सुपरट्रीजचा प्रकाशाचा खेळ सुरू झाला. त्याला पैसे लागत नाहीत. आजूबाजूचे लोक जमिनीवर आडवे झाले होते, तर आईही साडी सावरून आडवी झाली आणि पंधरा मिनिटं वर बघत राहिली. सिंगापूर म्हटलं की ती आता एवढंच सांगते. तिला ते दिसलं, कारण ती दमलेली नव्हती.

परतीच्या विमानात तिनं विचारलं, "किती झाले गं एकूण?" मी म्हणाले, साठ हजार. दोघींचे. तिला वाईट वाटू नये म्हणून. रीलवाल्यापेक्षाही मी पुढे गेले.

गेल्या महिन्यात मावशीचा फोन आला. "अगं, ताई म्हणाली साठ हजारात दोघींचं झालं. आमचंही दिवाळीनंतर बघ ना. काका रिटायर झालेत, तेवढे आहेत बाजूला." काकांना मधुमेह आहे. विमा घेताना तो जाहीर करावा लागेल, हप्ता वाढेल. सकाळी सातला उतरून तीनपर्यंत त्यांना कुठे बसवणार होते मी?

तेव्हा मी मावशीला खरा आकडा सांगितला. एक लाख साठ हजार. आणि तुमच्या वयाला वर आणखी वीस धरा: लवकर खोली मिळण्याचे, टॅक्सीचे, आणि काही बिघडलंच तर हाताशी असावेत म्हणून. फोनवर शांतता. मग ती म्हणाली, "मग पुढच्या वर्षी बघू." आवाज पडला होता, पण नाही म्हणाली नाही.

आईला ते संध्याकाळपर्यंत कळलंच. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आधी सांगितलं असतंस तर ती दोन कॉफी तरी प्यायले असते."