वर्ध्याच्या उन्हाळ्यात लॅपटॉपचा वेग का घसरतो? प्रोसेसरच्या गिगाहर्ट्झचं नेमकं अडलंय कुठं?

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. निकाल लागले की याच सुमारास लॅपटॉपची खरेदी निघते आणि दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती गिगाहर्ट्झचा आहे?’

गंमत म्हणजे हा आकडा २० वर्षांत फारसा हललेलाच नाही. १९९४ मध्ये १०० मेगाहर्ट्झचा पेंटियम आला होता. २००४ पर्यंत पेंटियम ४ थेट ३.८ गिगाहर्ट्झवर गेला, म्हणजे दहा वर्षांत ३८ पट. ४ गिगाहर्ट्झची चिप मात्र इंटेलने त्याच वर्षी रद्द केली. २०२४ मध्ये त्यांचा सगळ्यात वेगवान प्रोसेसर ६.२ गिगाहर्ट्झचा होता. दुप्पटही नाही!

अडलं ते उष्णतेपाशी. पूर्वी ट्रान्झिस्टर लहान झाला की व्होल्टेजही कमी करता यायचं. पुढे ते जमेना, कारण बंद ट्रान्झिस्टरमधूनही करंट गळायला लागला. त्यात वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. वेग २० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवलं, तर वीज लागते सुमारे ४५ टक्के जास्त. ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडते.

आता वर्ध्याचा हिशोब बघा. बरेच प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास तापले की स्वतःच वेग कमी करतात. खोली २५ अंशांची असेल तर उष्णता बाहेर टाकायला ७५ अंशांचा फरक मिळतो, ४५ अंशांच्या खोलीत फक्त ५५. म्हणजे तोच पंखा सुमारे पाव हिश्श्याने कमी उष्णता काढतो. गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपचं तर विचारूच नका. खोक्यावरचा मोठा आकडा तसाही थोड्या वेळापुरताच असतो.

जोर लावल्यावर काय होतं, तेही २०२४ मध्ये दिसलं. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्यामुळे बिघडत होते. कंपनीला अपडेट द्यावं लागलं, वॉरंटी २ वर्षांनी वाढवावी लागली.

मग कंपन्यांनी कोअर वाढवले. हा मार्ग महाराष्ट्राला जुनाच. विदर्भातल्याच डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ बनवला, तो ६४ प्रोसेसर एकत्र जुंपून. अर्थात प्रत्येक काम असं वाटून देता येत नाही, म्हणून गिगाहर्ट्झची ओढाताण अजून सुरूच आहे.