वाचन हाही संघर्षच



गेल्या अंकातील पत्रलेखकांनी डॉ. जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००) या चित्रपटातील परदेशी शिक्षणाचा भाग रटाळ ठरवला आणि २०१९मध्ये ‘स्टार प्रवाह’वर सुरू झालेल्या बाबासाहेबांवरील मालिकेला झुकते माप दिले. हे मत मला अजिबात पटत नाही. बाबासाहेबांचे अध्ययन ही लढ्याआधीची उसंत नव्हती. लढा तिथेच सुरू झाला होता. लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरचे त्यांचे बिऱ्हाड, ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय आणि बॅरिस्टरीच्या शिक्षणाचे ग्रेज इन ही तिन्ही ठिकाणे आजच्या कॅमडेनच्या हद्दीत येतात. लंडनमधील शिक्षणाच्या काळातच रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध आकाराला आला. वाचणाऱ्या माणसापाशी कॅमेरा थांबलाच नाही, तर संविधान सभेतील त्यांच्या युक्तिवादाचे बळ आले कुठून, हे प्रेक्षकाला कसे कळणार?

चित्रपट मुळात इंग्रजीत असल्याने घराघरांत पोहोचला नाही, हा आक्षेप रास्त आहे. सागर देशमुख यांची प्रमुख भूमिका असलेल्या मालिकेने ती उणीव बऱ्याच अंशी भरून काढली, हेही मान्य. पण दैनंदिन मालिकेला रोज एक उत्कट प्रसंग लागतो आणि संथ अभ्यास त्यात बसत नाही. याउलट, चित्रपटात बाबासाहेब साकारणाऱ्या मामुट्टी यांचा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त अभिनय संयमावर उभा आहे. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाने हा चित्रपट मराठी उपशीर्षकांसह मोठ्या पडद्यावर जरूर दाखवावा.

– एक वाचक, कॅमडेन, लंडन