कामांची यादी काळ्या पडद्यावर

आपल्या धंद्यात उधारीने माणूस बुडतो हे सर्व जाणतात. विसरण्यानेही बुडतो, पण त्याचे खाते कोणी ठेवत नाही.

अंबरनाथच्या आनंदनगरात माझे कापडाचे गोदाम आहे. माल बहुतेक उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात, जीन्स शिवणाऱ्यांकडे जातो. गेल्या वर्षी रमजान ईदच्या तोंडावर एका कारागिराला म्हटले, "गुरुवारी पैसे पोचवतो." तशी चिठ्ठीही लिहिली. ती सदऱ्याच्या खिशात राहिली आणि सदरा धुण्यात गेला. कारागीर भिडस्त, त्याने मागितले नाहीत. ईद होऊन गेल्यावर मला आठवले. त्या दिवशी त्याच्यासमोर उभे राहणे मला जड गेले.

त्यानंतर पुतण्याने गोदामातल्या संगणकावर 'टुडू टेक्स्ट' बसवून दिले. अमेरिकेतील जीना ट्रपानी यांनी २००६ साली हे सुरू केले. फुकट मिळते. यात चित्रे नाहीत, माउस लागत नाही. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा. 'ॲड' लिहून पुढे काम लिहावे. 'एलएस' लिहिले की यादी क्रमांकासह समोर येते. 'डू' आणि क्रमांक दिला की उरकलेले काम तारखेसह दुसऱ्या फाइलीत जाते. तातडीच्या कामाला 'ए' लावला की ते सर्वांत वर येते. अधिकचे चिन्ह लावून पार्टीचे नाव लिहिले, तर त्या पार्टीची कामे तेवढी वेगळी काढता येतात.

फोनवर असली ॲप ढिगाने आहेत, मग हे कशाला, असे दुकानदार मित्र विचारतात. 'वंडरलिस्ट' हे लोकांच्या आवडीचे ॲप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतले आणि मे २०२० मध्ये बंद केले. माझी यादी म्हणजे साध्या अक्षरांची फाइल. हा प्रोग्राम उद्या नाहीसा झाला तरी फाइल कुठल्याही संगणकावर उघडेल. वहीसारखी ती माझ्या ताब्यात आहे.

उणिवाही सांगतो. ही यादी घंटी वाजवत नाही. सकाळी स्वतः उघडावी लागते. दुसरे म्हणजे, माझे शिक्षण उर्दू माध्यमातले, पण आमच्या पडद्यावर उर्दू अक्षरे सुटी पडतात, दिशाही उलटते. म्हणून यादी मराठीत लिहितो. मनातला हिशेब मात्र अजून उर्दूतच चालतो.

बिलांसाठी तर हे फार कामाचे आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या लहान पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांची मुदत. उशीर झाला तर व्याज. कारागीर बांधवांनी नोंदणी करून घ्यावी, आणि आपण देणेकऱ्यांनी बिल आले त्याच दिवशी मुदतीची तारीख यादीत चढवावी. कारागिराने मागण्याची वाट पाहू नये.

पुतण्या रविवारी दुपारी गोदामावर असतो. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी यावे, अर्ध्या तासाचे काम आहे.