संगणकाचा कौल हा परवाना नव्हे

औषधाचा नवा रेणू विषारी ठरेल का, हे संगणकाने जरूर सांगावे. पण त्या अंदाजालाच परवाना मानण्यास आमचा विरोध आहे. प्राणीचाचण्यांवर विसंबण्यातही शहाणपण नाही. माकडांना न बाधलेल्या टीजीएन १४१२ या प्रायोगिक औषधाने २००६मध्ये लंडनच्या सहा स्वयंसेवकांना अतिदक्षता विभागात पोहोचवले होते.

मात्र संगणकीय प्रारूप शिकते ते उपलब्ध नोंदींवरून. यकृताला इजा करणारे, अर्ध्यावर सोडलेले कित्येक रेणू कंपन्यांच्या कपाटातच राहतात. मग अनोळखी रचनेलाही यंत्र बेधडक ‘सुरक्षित’ म्हणते आणि किंमत मोजतो तो पहिला स्वयंसेवक.

भारताने २०२३मध्ये औषधचाचणीचे नियम बदलून अशा संगणकीय पद्धतींना दार उघडलेच आहे. आता औषध महानियंत्रकांनी अर्जासोबत प्रारूपाच्या मर्यादा आणि फसलेल्या रेणूंची माहिती सक्तीने मागावी. ती न देणाऱ्यांना मानवी चाचणीची परवानगी मिळता कामा नये.