मुरलेलं म्हणजे शिळं नव्हे!

मैत्रिणींनो, ‘कालच करून ठेवलंय’ असं म्हटलं की आपल्याकडे अजूनही भुवया उंचावतात. पाहुण्यांना शिळं वाढायचं का, असा प्रश्न सासूबाईंच्या चेहऱ्यावर उमटतो. पण जरा आठवून बघा. श्रीखंडाचा चक्का रात्रभर टांगलेला असतो. दही रात्रीच विरजतो. लोणचं तर मुरल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नाही. म्हणजे आदल्या दिवशीची तयारी आपल्या आजीलाही ठाऊक होती. शिळं वेगळं आणि मुरलेलं वेगळं, एवढं लक्षात घेतलं की सणाच्या दिवशीचं निम्मं ओझं उतरतं.

फ्रूट ट्रायफल हा असाच मुरणारा पदार्थ. केक, फळं, कस्टर्ड यांचे एकावर एक थर. मूळचा इंग्रजांच्या घरचा, पण आता चंद्रपूर-गडचिरोलीतही वाढदिवसाला, डोहाळजेवणाला हौसेनं होतो. अंडं न खाणाऱ्या घरांनीही बिचकू नये. बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून आल्फ्रेड बर्ड या इंग्रज गृहस्थानं 1837 मध्ये बिनअंड्याची कस्टर्ड पावडर तयार केली. तिचा आधार मक्याच्या पिठाचा. केक तेवढा बिनअंड्याचा मागून घ्या.

आणि फळांसाठी शहराकडे बघायला नको. दिवाळीच्या सुमारास आपल्या रानातली सीताफळं टोपल्या भरभरून बाजारात येतात. ती वेचून आणणारी बाई पहाटेच घरून निघालेली असते, तेव्हा दोन रुपयांसाठी घासाघीस नको. त्याच सुमारास नागपुरी संत्री येतात, आणि चारोळी तर आपल्याच जंगलातली.

आठ-दहा जणांसाठी लिटरभर दूध घ्या. त्यातलं वाटीभर गार दूध बाजूला काढून त्यात सहा मोठे चमचे कस्टर्ड पावडर कालवा. उरलेलं दूध सहा-सात चमचे साखर घालून उकळा, त्यात हे मिश्रण ओता आणि ढवळत दोन मिनिटं चांगलं शिजू द्या, नाहीतर पिठाची कच्ची चव राहते. मग भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवून अधूनमधून ढवळा. पूर्ण गार झाल्यावरच दीड-दोन वाट्या सीताफळाचा गर मिसळा. हा गर गरम केला की कडवट होतो, म्हणून घाई नको.

काचेच्या भांड्यात किंवा स्टीलच्या गंजात साध्या स्पंज केकचे तुकडे पसरा, अर्धी वाटी संत्र्याचा रस शिंपडा, वर कस्टर्ड ओता. पुन्हा केक, रस आणि कस्टर्ड. शेवटी पिठीसाखर घालून घोटलेला चक्का. झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. केक रस पितो, थर एकमेकांना धरून बसतात. ताज्या ट्रायफलला ही चव नाही!

काही गोष्टी मात्र आयत्या वेळच्याच. केळी आणि सफरचंद चिरून ठेवली की काळी पडतात. संत्र्याच्या फोडींना पाणी सुटतं. भाजलेली चारोळी मऊ पडते. हे सारं वाढण्याआधी वरून घाला. अननस किंवा पपई कच्ची घातली तर दुधाचं कस्टर्ड कडू होतं. अननस हवाच असेल तर साखरेच्या पाकात शिजवून, गार करून घ्या.

आता महत्त्वाचं. ‘मुरलेलं’ आणि ‘नासलेलं’ यांच्यात फक्त थंडाव्याचं अंतर आहे. दुधाचा शिजवलेला पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू नये. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा एक तासही पुष्कळ. वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नका, बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो. त्याहून जास्त वेळ गेली तर? टाकून द्या. लिटरभर दुधाची हळहळ वाटेल, पण चिमुकल्यांच्या जुलाब-उलट्यांपुढे ती काहीच नाही. घरी फ्रिज नसेल तर थरांचा हट्ट नको. त्याच दिवशी कस्टर्ड करा, गार झालं की फळं घालून लगेच वाढा.

एवढी उस्तवार कशासाठी, असं कुणी विचारेल. भाऊबीजेला भाऊ येतो, ओवाळणी होते, पानं मांडली जातात आणि बहीण मात्र गॅससमोर पुऱ्या तळत उभी असते. दोन तासांनी बसची वेळ होते, भाऊ निघतो. भावाला पोटभर जेवू घातलं खरं, पण पोटभर बोलणं झालं का? गोडाचं काम रात्रीच उरकलं तर सकाळचे दोन तास हाती लागतात. ते तास पुन्हा एखाद्या भाजीत घालू नका. स्वतःचं पान सगळ्यांबरोबर मांडा. पुऱ्या तळायला घरातल्या पुरुषमंडळींना बोलवा, हात काही झिजायचे नाहीत!