पहिले बिऱ्हाड

गेल्या रविवारी मिस्सा झाल्यावर धर्मग्रामातील एका नवदांपत्याच्या घराला आशीर्वाद देण्यात आला. आम्ही उभयता हजर होतो. फादरांनी खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडले, भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर लावली गेली आणि मग चहाफराळ झाला. घर नेटके आहे. चहा घेता घेता त्या मुलीने विचारले, "काकू, तुमचे पहिले घर कसे होते हो?" आमच्या पत्नीने "गळके होते, बाळ," एवढेच उत्तर दिले आणि सर्व हसले. वाचकहो, उत्तर खरे होते, परंतु अपुरे होते. उरलेले आज तिच्या संमतीने येथे लिहीत आहोत.

आमचा विवाह १९६१ च्या मे महिन्यात झाला. जूनमध्ये खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील एका खेड्यात प्राथमिक शाळेवर आमची नेमणूक झाली. मलप्रभा ज्या कणकुंबीस उगम पावते त्या बाजूचा हा मुलूख. पाऊस एकदा बसला की सूर्यदर्शन दुर्मिळ. गावात ख्रिस्ती घर आमचे एकच. एका वृद्ध विधवेच्या घरातील सोप्याची एक बाजू आम्हांस भाड्याने मिळाली. भाडे सहा रुपये आठ आणे. नवे पैसे १९५७ सालीच चालू झाले होते, तथापि आजीबाईंचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. पन्नास नव्या पैशांचे नाणे त्या दर महिन्याला उलटसुलट करून पाहत आणि "हे आठ आणेच न्हवं, मास्तर?" असे विचारीत.

सामान म्हणजे एक ट्रंक, दोन घोंगडी, सासऱ्यांनी दिलेली पितळेची भांडी, एक कंदील. मातीच्या भिंतीत खिळा ठरेना, म्हणून क्रूस कोनाड्यात उभा केला. पहिल्याच मोठ्या पावसात सारी भांडी गळतीखाली गेली आणि आम्ही केळीच्या पानावर जेवलो. ते जेवण लग्नाच्या जेवणाहून रुचकर होते, असे पत्नीचे आजही मत आहे. आमचे मत निराळे आहे, कारण भात करपला होता.

आजीबाई स्वभावाने प्रेमळ, पण पाण्याच्या बाबतीत फार कडक. त्यांचा हंडा माजघरात असे व त्यास आम्ही शिवायचे नाही, असा पहिल्याच दिवशी करार झाला. हंड्यावर घासून लखलखीत केलेला एक तांब्या पालथा घातलेला असे. पत्नी आपली घागर वेगळी आणी. ती बोलून दाखवीत नसे. पण पहिल्या नाताळात तिने करंज्यांचे ताट पुढे केले आणि आजीबाईंनी ते दारातूनच परत केले, त्या रात्री ती जेवली नाही. दुसरे बिऱ्हाड पाहा, असा तिने धोशा लावला. गावात दुसरी खोलीच नव्हती.

बाळंतपणासाठी तिने ऑगस्टमध्ये माहेरी जावयाचे ठरले होते. परंतु १९६२ च्या जुलैत, आठव्या महिन्यातच, एका संध्याकाळी कळा सुरू झाल्या. आम्ही नर्सबाईंना आणण्यास निघालो. ओढा ओलांडला आणि मागे पाणी चढले. ओढ्यावर पूल नव्हता. ती रात्र आम्ही पैलतीरावर काढली. ती कशी काढली हे सांगत बसत नाही.

अलीकडे काय घडले ते पत्नीकडूनच कळले. पहाटेपूर्वी मुलगा झाला. रडणे अगदी क्षीण. तो जगणार नाही हे तिने ओळखले. रक्तस्राव इतका झाला होता की तिला हात उचलवत नव्हता. "पाणी आणा," एवढेच ती म्हणाली. आमची घागर रिकामी होती. आजीबाई माजघरात गेल्या आणि आपल्या हंड्यातून तो तांब्या भरून आणला. पत्नीने एकेक शब्द सांगितला, आजीबाईंनी तो उच्चारीत बाळाच्या मस्तकावर पाणी घातले: पित्याच्या, आणि पुत्राच्या, आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. उजाडेपर्यंत बाळ होते.

दुपारी पाणी ओसरले. पत्नीच्या जिवाची धास्ती वाटून आम्ही नर्सबाईंबरोबर फादरांनाही आणले होते. फादर सोप्यावर आजीबाईंच्या समोर बसले आणि त्यांनी विचारले, "पाणी घालताना तुमच्या मनात काय होते?" आजीबाई म्हणाल्या, "ही सांगंल तसं तुमच्या देवाचं करायचं, येवढंच."

फादरांनी आम्हांस बाजूला घेऊन सांगितले की, फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने १४३९ सालीच हे स्पष्ट केले आहे: निकडीच्या प्रसंगी कोणीही, ख्रिस्ती नसलेली व्यक्तीसुद्धा, बाप्तिस्मा देऊ शकते, ख्रिस्तसभेचे शब्द हवेत आणि ख्रिस्तसभा जे करते ते करण्याचा हेतू हवा. त्या काळी १९१७ चा धर्मकायदा चालू होता व बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकास ख्रिस्तसभेचा दफनविधी मिळत नसे. १९८३ च्या कायद्याने ती कडक अट सैल केली. पत्नीला तेव्हा हे पुढचे कोठून ठाऊक असणार? ती फादरांच्या तोंडाकडे पाहत होती. "बाप्तिस्मा झाला आहे," असे ते म्हणाले, तेव्हा ती प्रथम रडली.

बाळाला धर्मग्रामाच्या दफनभूमीत ठेवले. नोंदवहीत बाप्तिस्मा देणाऱ्याच्या रकान्यात फादरांनी आजीबाईंचे नाव लिहिले.

हंड्याचा विषय पुढे कोणीच काढला नाही. आजीबाईंनी करार मोडला असे कधी म्हटले नाही. मात्र पत्नी अंथरुणातून उठेपर्यंत आमची घागर रोज सकाळी भरलेली असे. दुसऱ्या बिऱ्हाडाचा धोशाही थांबला. १९६५ साली बदली झाली, बैलगाडीत सामान चढले, तेव्हा पत्नीने धीर करून तो तांब्या मागितला. बदली दोन तांबे देऊ केले. आजीबाईंनी मान हलवली.

"त्यानं मी तुझ्या लेकराला पाणी घातलंय, बाई. त्यो माझ्याकडंच ऱ्हाऊ दे."